डोंगराआडच्या घरात मोबाईलचा कवडसा पाडता येईल का?

कोयनाकाठची · 3 फेब्रुवारी, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज नडीपोटी धागा काढते आहे.

माझं माहेर जावळी तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला. बामणोलीला साताऱ्याची एसटी सोडायची, लाँचमध्ये बसायचं आणि उतरून अर्धा तास चालायचं. घरी आई एकटी असते, वय 71. घरात मोबाईलला रेंज नाही, ओसरीवर नाही, अंगणात नाही. घराच्या समोरच्या अंगाला डोंगराची एक सोंड उतरते. तिच्यावर साठेक मीटर चढून गेलं की जुना आंबा आहे. त्याच्या बुंध्याला पाठ लावून उभं राहिलं की दोन काड्या येतात, कारण तिथून खिंडीतून पलीकडच्या सड्यावरचा टॉवर दिसतो. वाडीतले सगळे फोन तिथेच होतात. लॉकडाऊनमध्ये पोरांची शाळासुद्धा त्या आंब्याखालीच भरायची.

मागच्या श्रावणात आई अंगणात शेवाळावरून घसरली. मनगट मोडलं. रात्रीची वेळ, पावसाची झोड, आंब्यापर्यंत चढणं तिला शक्यच नव्हतं. फोन उशाशी होता, चार्ज होता, पण लावायचा कसा? सकाळी दूध घालायला आलेल्या पोराने तिला पाहिलं तोवर नऊ तास गेले होते.

मी साताऱ्यात विज्ञान शिकवते. परावर्तनाचा धडा आला की पोरांच्या हातात आरसे देते आणि वर्गाच्या भिंतीवर कवडसे पाडायला लावते. यंदा तो तास घेताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आंब्यापाशी रेंज आहे, आंब्यापासून घर दिसतं, मग तिथे आरसा ठेवून तो सिग्नल ओसरीवर का पाडता येऊ नये? शोधाशोध केल्यावर कळलं की नेमक्या याच कल्पनेवर जगभर काम चालू आहे आणि तिला इंटेलिजंट रिफ्लेक्टिंग सरफेस (आयआरएस) म्हणतात. कोणी हे मराठीत नीट उलगडून सांगेल का? आणि आईच्या घराला त्याचा आज काही उपयोग आहे का?

माणदेशी_पोर · 3 फेब्रुवारी, रात्री 10:05

ताई, वाचून पोटात कालवलं बगा. मला त्यातलं शास्त्र कळत न्हाई, पर बूस्टर म्हणून एक डबा मिळतोय की ऑनलाइन. आमच्या दहिवडीत एकानं दुकानात लावलाय. ह्यो एवढा आरशाचा व्याप कशाला?

कराडकर_काका · 4 फेब्रुवारी, सकाळी 7:20

माणदेशी, तुझा हेतू चांगला आहे पण तो डबा ताईंना सुचवू नकोस. परवानगीशिवाय सिग्नल बूस्टर बाळगणं आणि वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे, 1933 च्या वायरलेस कायद्यापासून. नियम बाजूला ठेवला तरी त्यामागचं कारण खरं आहे. बूस्टर चांगल्या सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो आणि ती टॉवरच्या कानात ओततो. मग एका घरात रेंज येते आणि आसपासच्या शंभर लोकांचे फोन तुटायला लागतात.

मी टेलिफोन खात्यात 34 वर्षं काढली, त्यातली बरीच मायक्रोवेव्हवर. आमचं सगळं काम डोंगरावरून डोंगर दिसण्यावर चालायचं. चाळीस-पन्नास किलोमीटरवर एक मनोरा, मध्ये टेकडी आली की झोप उडायची. तेव्हाच्या इंग्रजी पुस्तकांत एक चित्र होतं ते अजून डोळ्यांसमोर आहे. अमेरिकेतल्या डोंगरमाथ्यावर जाहिरातीच्या फलकासारखा, पण कोरा, ॲल्युमिनियमचा भलामोठा सपाट पत्रा. त्याला वीज नाही, यंत्र नाही. एका दरीतून आलेली लहर दुसऱ्या दरीत वळवायची, एवढंच त्याचं काम. पॅसिव्ह रिपीटर म्हणायचे. तेव्हा ताई, तुमच्या मनात आलेली गोष्ट खुळी नाही. माणसांनी ती पूर्वी करून ठेवलेली आहे.

रेडिओवाला · 4 फेब्रुवारी, रात्री 11:15

मी मूळचा सांगलीचा, सध्या बंगळुरात वायरलेसमध्येच काम करतो. ताई, तुम्ही ‘कवडसा’ हा शब्द वापरलात आणि माझं निम्मं काम केलंत. तोच धरून सांगतो.

रेडिओलहर धातूवरून परावर्तित होते हे हर्ट्झने 1888 च्या सुमारास कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत जस्ताचा पत्रा लावून दाखवलं. त्यामुळे आरशात नवं काही नाही. काकांनी सांगितलेला फलक म्हणजे तोच आरसा. पण साध्या आरशाची खोड अशी की ज्या कोनात लहर आली त्याच कोनात ती जाणार. कवडसा हलवायचा तर आरसा हलवायला हवा.

आता असं समजा की एका फळीवर शेकडो छोट्या तांब्याच्या टिकल्या चिकटवल्या आहेत. एकेक टिकली लहरीच्या लांबीच्या साधारण निम्मी किंवा त्याहून लहान. प्रत्येक टिकलीला एक डायोड जोडलेला. डायोडला व्होल्टेज दिलं की ती टिकली आपल्यावर पडलेली लहर किंचित उशिरा परत पाठवते, न दिलं तर लगेच. इथे सगळी गंमत उशिराची आहे. भजनात टाळ वाजवणारे वीस जण वेगवेगळ्या अंतरावर उभे असले आणि प्रत्येकाने आपापला ठेका थोडा मागेपुढे केला, तर देवळाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला सगळे टाळ एकाच क्षणी ऐकू येतील असं करता येतं. दारापासून चार पावलं सरकलात की पुन्हा विस्कळीत. टिकल्यांचं तसंच आहे. सगळ्यांनी पाठवलेल्या लहरी एका ठरावीक जागी एका ठेक्यात पोचल्या की तिथे सिग्नल जोरकस होतो. ठेका बदलला की जागा बदलते. फळी जागची हलत नाही, कवडसा हलतो. हीच ती ‘इंटेलिजंट’ पृष्ठभागाची करामत.

मुळं जुनी आहेत. टिकल्या-टिकल्यांच्या परावर्तक अँटेनाची कल्पना 1963 सालची. 2011 मध्ये हार्वर्डच्या कपासो यांच्या गटाने प्रकाशाच्या बाबतीत दाखवलं की पृष्ठभागावर अशी उशिराची नक्षी काढली तर परावर्तनाचा आपला शाळेतला नियमच व्यापक करून लिहावा लागतो. आपात कोन बरोबर परावर्तन कोन, हे मग फक्त कोऱ्या आरशापुरतं खरं राहतं. तुमच्या वर्गात सांगायला हरकत नाही. 2014 मध्ये चीनमध्ये थिए जुन त्सुइ यांनी या टिकल्यांना शून्य आणि एक अशा आकड्यांत हुकूम द्यायची पद्धत मांडली. आणि 2019 मध्ये सिंगापूरहून छिंगछिंग वू आणि रुई झांग यांनी मोबाईल नेटवर्कच्या संदर्भात याचं गणित बांधलं, तेव्हापासून या विषयाला पूर आला.

त्या गणितातली एक गोष्ट मला फार आवडते. टिकल्या दुप्पट केल्या की फोनला मिळणारी ताकद दुप्पट नाही, चौपट होते. का? दुप्पट मोठी फळी दुप्पट लहर गोळा करते, हे एक. आणि दुप्पट मोठी फळी कवडसा दुप्पट टोकदार करते, हे दुसरं. दोन्हींचा गुणाकार.

उद्या तुमच्या घराचा हिशेब मांडतो. सोंडेपासून घर साठ मीटर म्हणालात. टॉवर किती लांब, आणि फोन कुठल्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कुठल्या पट्ट्यात चालतो?

शांताई · 5 फेब्रुवारी, सकाळी 8:30

कोयनाकाठची, आईंना आता कसं आहे? मनगट बसलं का नीट?

एक शंका विचारते, रागावू नका. असं सिग्नल एका जागी गोळा करून घरावर पाडायचं म्हणजे आईंच्या तब्येतीला त्रास नाही ना होणार? आमच्या सोसायटीत टॉवरवरून बरेच वाद झाले होते.

रेडिओवाला · 5 फेब्रुवारी, दुपारी 1:10

शांताई, रागावण्यासारखं काही नाही, विचारायलाच हवं. फळी स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. टॉवरने पाठवलेल्यातला जो इवलासा भाग तिच्यावर पडतो तोच ती वळवते. किलोमीटरांवरून आलेली ती लहर इतकी क्षीण असते की गोळा करूनही ती टॉवरपासून तेवढ्याच अंतरावर उघड्या मैदानात उभं राहिल्यावर मिळते त्याच्या आसपासच जाते. भारताने 2012 मध्ये टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली होती, आणि इथली पातळी तिच्याही कितीतरी खाली.

उलट बाजू लक्षात घ्या. रेंज कमी असते तेव्हा टॉवरपर्यंत पोचायला आपला फोन पूर्ण जोराने ओरडतो, कानाला लावून. म्हणूनच डोंगरात बॅटरी भराभर उतरते. रेंज सुधारली की फोन आवाज खाली आणतो. आरसा दोन्ही बाजूंनी चालतो, टॉवरकडून फोनकडे आणि फोनकडून टॉवरकडे.

कोयनाकाठची · 5 फेब्रुवारी, रात्री 8:50

शांताई, मनगट बसलं, पण पीळ घालताना दुखतं, धुणं पिळता येत नाही म्हणते.

टॉवर सरळ रेषेत पाचेक किलोमीटर. बँड 900 मेगाहर्ट्झ दिसतो आहे. आंबा आमच्याच वावरात आहे, त्यामुळे तिथे काही उभं करायला कोणाला विचारायला नको. आणखी एक, टॉवरच का मागत नाही असं कोणी विचारण्याआधी सांगते. अर्ज केलेले आहेत. आमचा सगळा पट्टा कोयना अभयारण्याच्या कुशीत, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी. वाडीत घरं अकरा. साधा रस्ता व्हायला जिथे वर्षं लागतात तिथे टॉवरचा नंबर कधी लागेल ते लागेल.

कराडकर_काका · 5 फेब्रुवारी, रात्री 9:30

अर्जाचा पाठपुरावा सोडू नका मात्र. केंद्राने जुलै 2022 मध्ये नेटवर्क नसलेल्या 24,680 गावांत फोर-जी पोचवायची योजना मंजूर केली आहे, 26,316 कोटींची, बीएसएनएलमार्फत. ग्रामसभेचा ठराव जोडून तुमची वाडी यादीत आहे का हे लेखी विचारा. आरसा आपल्या जागी, हक्काचा टॉवर आपल्या जागी.

रेडिओवाला · 6 फेब्रुवारी, रात्री 11:40

हिशेब.

परावर्तित सिग्नलला दोनदा प्रवास करावा लागतो, टॉवर ते फळी आणि फळी ते घर. आणि नुकसान या दोन अंतरांच्या बेरजेवर नाही, गुणाकारावर ठरतं. त्यामुळे फळी अधेमध्ये ठेवणं सर्वांत वाईट. टॉवरला खेटून ठेवा किंवा घराला खेटून. तुमचा आंबा घराला खेटून आहे हे तुमचं नशीब.

समजा आपल्याला एवढं हवं आहे की मधला डोंगर नसता तर ओसरीवर जेवढा सिग्नल आला असता तेवढा फळीने आणून द्यावा. फळी घराजवळ असली तर तिचं क्षेत्रफळ किती लागेल याचं उत्तर फार सुटसुटीत येतं: लहरीची लांबी गुणिले फळीपासून घराचं अंतर. 900 मेगाहर्ट्झची लहर 33 सेंटिमीटर. 0.33 गुणिले 60, म्हणजे 20 चौरस मीटर. साडेचार मीटर बाय साडेचार मीटरची फळी, त्यावर सातशेच्या वर टिकल्या. हीच फळी टॉवर आणि घर यांच्या बरोबर मध्यावर ठेवायची म्हटली तर चारशे चौरस मीटरच्या वर जाते. फरक बघा.

आता हेच फाइव्ह-जीच्या 3.5 गिगाहर्ट्झला करा. लहर साडेआठ सेंटिमीटरची, म्हणून 5 चौरस मीटर पुरे. 28 गिगाहर्ट्झला लहर एक सेंटिमीटर, तिथे पाऊण चौरस मीटरच्या आतच भागतं, खिडकीच्या एका तावदानाएवढं. मात्र त्या तावदानावर टिकल्या वीस हजारांच्या वर. जगातले बरेचसे प्रयोग वरच्या बँडवर का चालले आहेत ते यातून कळेल. त्या लहरी भिंतीला, झाडाच्या पानालाही अडतात, म्हणून त्यांना आरशाची गरज जास्त, आणि आरसा लहान लागतो म्हणून तो परवडतोही. जपानमध्ये डोकोमो आणि एजीसी या काच बनवणाऱ्या कंपनीने 2020 मध्ये 28 गिगाहर्ट्झसाठी पारदर्शक पृष्ठभाग करून दाखवला. काचेसारखा खिडकीला लावायचा.

खालच्या बँडवरचं एक उदाहरण एमआयटीचं. 2020 मध्ये वेंकट अरुण आणि हरी बालकृष्णन यांनी 3,200 स्वस्त अँटेना 6 चौरस मीटरच्या भिंतीवर लावल्या. खोल्यांमधल्या सिग्नलची मध्यक ताकद साडेनऊ पट झाली. त्यांच्या पद्धतीतला विचार मला फार मोलाचा वाटतो. फळीला कान नसतात. टॉवर कुठे, फोन कुठे, तिला काही माहीत नसतं. मग नक्षी ठरवायची कशी? त्यांनी टिकल्या यादृच्छिकपणे चालू-बंद केल्या, फोनकडच्या सिग्नलचा आकडा बघितला, आणि कुठली टिकली चालू असताना सरासरी वर जाते हे मोजत गेले. अंधारात चाचपडत दार सापडावं तसं. फोन सतत हलत असेल तर हे चाचपडणंही सतत करावं लागतं, आणि या तंत्राची आजची खरी अडचण तीच आहे. डायोडची किंमत उतरेल, पण हजारो टिकल्यांचा ठेका क्षणोक्षणी जुळवायचा वेळ कुठून आणायचा?

ताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: बाजारातून आणून आंब्याला टांगावी अशी आयआरएस आज तुम्हाला मिळणार नाही. दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या युरोपच्या ईटीएसआय संस्थेने 2021 मध्ये यावर गट नेमला, चर्चा सिक्स-जीच्या दिशेने चालली आहे. पण तुमच्या आईंचं घर हलत नाही, टॉवर हलत नाही. जिथे काहीच हलत नाही तिथे ‘इंटेलिजंट’ची गरज नाही. कोरा पत्रा चालेल.

बेदाणा · 7 फेब्रुवारी, सकाळी 10:00

फार सुंदर धागा, वाचनखूण साठवली. माझी अडचण वेगळी आहे पण विषय हाच. तासगाव रोडला आमचं कोल्ड स्टोरेज आहे, बेदाणा आणि हळद. भिंती पफ पॅनेलच्या, दोन्ही बाजूंनी पत्रा. आत गेलं की फोन मेला. हमाल आत असताना बाहेर गाडी लागली तरी निरोप पोचत नाही, आणि एकदा एक जण आतल्या थंडीत चक्कर येऊन पडला होता. दाराशी पूर्ण रेंज असते. तिथे असा पृष्ठभाग चालेल का?

रेडिओवाला · 7 फेब्रुवारी, रात्री 10:20

बेदाणा, तुमचं ठिकाण म्हणजे अशा पृष्ठभागांसाठी अगदी आदर्श. दाराशी सिग्नल, आत धातूच्या पेटीसारखी खोली, अंतरं वीस-तीस मीटर, आणि फोन रॅकांमधून हिंडणारा. हिंडणारा आहे म्हणून कोरा पत्रा पुरणार नाही, तिथे हलता कवडसाच हवा. पण आज माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर थांबू नका, आतपर्यंत वायर ओढून वायफाय लावा आणि वायफाय कॉलिंग चालू करा. शिवाय थंडीत चालणारी एक साधी धोक्याची घंटा आत बसवा.

कोयनाकाठची · 8 फेब्रुवारी, रात्री 9:15

‘कोरा पत्रा चालेल’ हे वाक्य मी चार वेळा वाचलं. पण 20 चौरस मीटरचा पत्रा लाँचमधून न्यायचा कसा?

रेडिओवाला · 8 फेब्रुवारी, रात्री 11:30

20 तर ‘डोंगरच नाही’ इतक्या चैनीसाठी. तुम्हाला चैन नको, फोन लागायला हवा. चार फूट बाय आठ फुटांचा ॲल्युमिनियमचा एक पत्रा घ्या, तीन चौरस मीटर होतो. 20 च्या तुलनेत सिग्नल चाळीसेक पट कमी येईल, पण उघड्यावरचा सिग्नल मुळात इतका भरपूर असतो की चाळिसावा हिस्साही बोलायला पुरतो.

नेम मात्र धरावा लागेल. युक्ती सांगतो. दाढीचा छोटा आरसा पत्र्याला सपाट चिकटवा. घराच्या ओसरीत बसून दुर्बिणीने त्या आरशात बघा. आरशात टॉवर दिसला की लहरीलाही तोच रस्ता दिसला.

आणि एक समजून घ्या म्हणजे निराशा होणार नाही. आरसा सिग्नल निर्माण करत नाही, वळवतो. जिथे वळवाल तिथेच पडेल. उभा धरलेला तुमचा पत्रा साठ मीटरवर आडवा सोळाएक मीटर आणि उभा आठएक मीटर कवडसा पाडेल. म्हणजे एक घर आणि थोडं अंगण. मोठा पत्रा लावाल तर कवडसा तेजस्वी होईल पण आणखी लहान. अकरा घरांना एका पत्र्यात बसवता येणार नाही.

नॉर्वेत रुकान नावाचं गाव दरीत आहे, हिवाळ्यात महिनोन्महिने ऊन नाही. त्यांनी 2013 मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले, एकूण 51 चौरस मीटरचे, संगणकाने सूर्यामागे फिरणारे. त्यांचं ऊन सगळ्या गावावर पडत नाही, बाजारचौकातल्या सहाशे चौरस मीटरवर पडतं. लोक तिथे येऊन उभे राहतात. तुम्हालाही ठरवावं लागेल, कवडसा कुठे.

माणदेशी_पोर · 9 फेब्रुवारी, सकाळी 6:50

ताई, कवडसा आईच्या ओसरीवरच पाडा, पर ओसरीचं दार समद्यांना उघडं ठिवा. वाडीला रातच्याला आंब्याखाली जायला नको.

कोयनाकाठची · 17 मार्च, रात्री 10:30

करून आलो. सविस्तर लिहिते.

पत्रा साताऱ्यात घेतला, दोन मिलिमीटर जाडीचा. भाऊ, भाचा आणि मी. लाँचवाल्या मामांनी टपावर बांधून दिला आणि पैसे घेतले नाहीत. आंब्याच्या अलीकडे दोन वासे पुरले, मध्ये चौकट, खाली दोन बिजागऱ्या म्हणजे पत्रा पुढेमागे कलता येईल, आणि एका वाशाला चुन्याची खूण म्हणजे डावी-उजवीकडचा कोन विसरायला नको.

भाचा पत्र्यापाशी, मी ओसरीच्या जोत्यावर दुर्बीण घेऊन. हाक पोचत होती पण शब्द कळत नव्हते, म्हणून आईचं लाल लुगडं घेतलं. डावीकडे हलवलं की डावीकडे, उंच केलं की मागे कलवायचा. पाऊण तास आरशात नुसतं आभाळ, मग करवंदीची जाळी, मग पुन्हा आभाळ. आणि मग एकदम, त्या चार बोटांच्या आरशात, सड्यावरचा टॉवर. वरचा लाल-पांढरा पट्टासुद्धा. मी ओरडलेच.

फोनमध्ये सेटिंगमध्ये सिम स्टेटसला सिग्नलचा आकडा दिसतो, उणे डीबीएममध्ये (हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक; उण्यापुढचा आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला). आधी ओसरीवर उणे 121, तोही येऊन-जाऊन. नेम बसल्यावर उणे 109. माजघरात उणे 114. परसात काही फरक नाही, तिथे कवडसा पोचतच नाही. दहाचा फरक म्हणजे दहा पट, त्या हिशेबाने बाराचा फरक सोळा पट होतो. खात्री करायला भाच्याला पत्रा पूर्ण वळवायला सांगितला, आकडा उणे 120 वर गेला. परत नेमावर आणला, उणे 109. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच.

मग आईने ओसरीत बसून, माझ्या साताऱ्यातल्या जाऊबाईंना फोन लावला. पाच मिनिटं बोलली. एकदाही तुटला नाही. फोन ठेवल्यावर काही बोलली नाही, पत्र्याकडे बघत बसली.

कराडकर_काका · 17 मार्च, रात्री 11:05

ताई, 34 वर्षांत कित्येक लिंक चालू झालेल्या पाहिल्या. आज त्याच आनंदाने झोपतो आहे. वाशांना ताण द्या, चारी बाजूंनी तारा. सह्याद्रीचा वारा पत्र्याला शीड करतो.

शांताई · 18 मार्च, सकाळी 8:00

लाल लुगड्यापाशी डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांगा.

कोयनाकाठची · 29 मे, रात्री 9:20

काका, तुमचं खरं ठरलं. परवाच्या वळवाने पत्रा वाकवला, एक बिजागरी उपटली. कोणाला लागलं नाही. भाच्याने उतरवून माळ्यावर ठेवला आहे. पण आता पाऊस तोंडावर आहे, आणि आई पडली होती ती पावसातच. नेमका गरजेच्या चार महिन्यांत आरसा नसणार, हे मला सोसत नाही. काही मार्ग?

रेडिओवाला · 29 मे, रात्री 10:45

आहे, आणि आधीच सांगायला हवा होता. पत्रा सोडा, जाळी लावा. 33 सेंटिमीटरच्या लहरीला अर्ध्या इंचाची भोकं दिसतच नाहीत, तिच्या लेखी ती जाळी म्हणजे अखंड पत्राच. वारा मात्र आरपार जातो. गॅल्व्हनाइज्ड, वेल्ड केलेली जाळी घ्या, विणलेली नको, गंजली की सांधे सुटतात. चौकटीवर ताणून सपाट बसवा, दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त झोळ नको. पावसाचं पाणी जाळीत धरलं तर थोडा फरक पडेल, तो मोजा. आईंना जमलं तर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवायला सांगा. ओल्या दिवसातले असे आकडे मला कामाला येतील, खरंच.

बेदाणा · 30 मे, सकाळी 9:10

जाळी तासगावात द्राक्षबागांसाठी चांगली मिळते, तीन चौरस मीटरचा तुकडा माझ्याकडे पडून आहे. उद्या साताऱ्याला गाडी येते आहे. पत्ता निरोपातून कळवा. आणि हो, घंटा बसवली आणि आत वायफायही घेतलं.

कोयनाकाठची · 8 जून, रात्री 8:40

जाळी चढली. ताणही दिले, चारी बाजूंनी. कोरडी असताना उणे 110, पत्र्याच्या जवळपास सारखीच.

आई आकडे कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिते. उणे चिन्ह देत नाही, सगळे उणेच आहेत तर कशाला म्हणते. काल रात्री धो-धो पाऊस होता, तिथे 113 लिहिलं आहे आणि शेजारी ‘लागला’.

रेडिओवाला, दर रविवारी पानाचा फोटो काढून पाठवते.